मोकळ्या जागेचा उजेड

काचीगुडा स्टेशनाकडून आत वळणाऱ्या गल्लीत, एका होमिओपॅथीच्या दवाखान्यावरच्या मजल्यावर, त्रिवेणीचा स्टुडिओ होता. गाडी फलाटाला लागली की खिडकीची काच थरथरे, आणि समोर अवघडून बसलेलं गिऱ्हाईक नेमकं तेव्हाच हसे. त्रिवेणीला त्याची इतकी सवय झाली होती की गाडीची शिट्टी ऐकून ती बटणावर बोट ठेवत असे. पासपोर्टचे फोटो, बारशी, साखरपुडे आणि मोसमात लग्नं असा तिचा व्यवसाय होता. शहरातल्या मराठी घरांत मात्र तिचं नाव होतं ते निराळ्याच कामासाठी. जे माणूस आता हयात नाही, त्याला ती लग्नाच्या फोटोत आणून बसवत असे.

हे काम आता मोबाइलवरही होतं. पण त्यातली माणसं चिकटवल्यासारखी दिसतात, आणि त्याचं कारण उजेड. जुन्या फोटोत ऊन डावीकडून आलेलं असतं, लग्नाच्या हॉलमध्ये दिवे उजवीकडे असतात. एकाच्या नाकाची सावली इकडे पडते, शेजाऱ्याची तिकडे. पाहणाऱ्याला चूक दाखवता येत नाही, पण तो फोटो फार वेळ पाहवतही नाही. त्रिवेणी गेलेल्या माणसाचा फोटो आधीच मागून घेई. त्यात उजेड कोणत्या बाजूने, किती उंचीवरून आला आहे, कितपत मऊ आहे, हे नीट पाहून ठेवी. लग्नाच्या दिवशी ती कुटुंबाच्या रांगेत एक जागा मोकळी सोडी आणि त्या मोकळ्या जागेला तस्साच उजेड देई. आधी उजेड बसवायचा, मग माणूस, असं ती म्हणत असे.

निवृत्तीकाका तिच्याकडे आले ते मुलीच्या लग्नाचं काम घेऊन. रेल्वेच्या पार्सल कचेरीत त्यांची नोकरी झाली होती. घराणं मूळचं परभणीकडचं, पण दोन पिढ्यांपासून याच शहरात. घरात बुद्धवंदना आणि पुस्तकं, देवदेवस्की नाही. मुलगी दीपमाला सोबत होती. चहा येईपर्यंत बापलेक हॉल, जेवण, पाहुणे असं बोलत राहिले. मग काकांनी पाकिटातून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. जांभळ्या सुती साडीतली, कपाळावर आठी असलेली, तरीही हसणारी बाई.

"ही वंदना. दीपमालाची आई," ते म्हणाले.

त्रिवेणीने नेहमीप्रमाणे, कधी गेल्या, असं हळू आवाजात विचारलं. बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"गेली नाही," दीपमाला म्हणाली. "हरवली आहे."

मग हकिगत कळली. दीपमाला दहावीत असताना वंदनाबाईंना एक ताप आला. ताप उतरला, पण नंतर गल्ल्यांची आणि माणसांची नावं त्यांच्या हातून निसटू लागली. एका सकाळी त्या भाजीला म्हणून बाहेर पडल्या. काचीगुड्याच्या फलाटावर त्यांना कुणीतरी गाडीत चढताना पाहिलं. कुठली गाडी, ते त्याला सांगता आलं नाही. पोलीस झाले, भिंतींवर कागद लागले, काका रजा काढून निजामाबादपासून गुंटूरपर्यंत फिरले. वर्षं गेली. काकांना आता पुण्यानुमोदनाचा विधी करून टाकायचा होता. दीपमालाचं म्हणणं, तो गेलेल्या माणसाचा करतात. अनोळखी नंबरचा फोन आला की ती अजूनही जेवणावरून उठत असे. पुण्याची चांगली नोकरी तिने दोनदा नाकारली होती, कारण आई परत आली तर घराला कुलूप दिसेल. लग्नालाही ती तयार झाली ती मुलगा सिकंदराबादचा होता म्हणून.

दोघांत तडजोड ठरली होती: कुटुंबाच्या फोटोत आईची जागा राखायची.

"जागा रिकामीच राहू द्या, ताई," दीपमालाने बजावलं. "तिथं कुणाला बसवू नका."

ती जिना उतरून गेल्यावर काका विसरलेला चष्मा घ्यायला म्हणून परत वर आले. चष्मा त्यांच्या खिशातच होता. लग्न पार पडलं की मागाहून ती जागा भरा, एवढंच त्यांना सांगायचं होतं. आई फोटोत बसलेली एकदा भिंतीवर दिसली की मुलगी हळूहळू मानेल, विधी होईल आणि ती पुण्याला जाईल. "मी उरलो किती दिवसांचा," ते म्हणाले. "तिनं दाराकडं तोंड करून बसणं सोडावं, इतकंच."

त्रिवेणीने होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. जागा मोकळी ठेवून फोटो काढायचा, इतकं तरी दोघांना हवं होतं. पुढचं पुढे पाहू, असं तिने ठरवलं आणि जांभळ्या साडीतल्या बाईचा फोटो भिंगाखाली घेतला. उजेड डावीकडून, खिडकीचा. सोपं काम होतं.

लग्न सीताफळमंडीच्या बाजूच्या एका हॉलमध्ये, रविवारी होतं. त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले गेले, फुलं उधळली गेली आणि लोक जेवायला खाली उतरले. वधू-वर दोघंही पांढऱ्या कपड्यांत होती. त्रिवेणीला बौद्ध लग्नं या एका कारणासाठी फार आवडत. लाल शालूतली नवरी शेजारी बसली की नवऱ्याच्या हनुवटीवर लाली चढते. रंगीत कापडावर पडलेला उजेड त्या कापडाचा रंग घेऊन परततो आणि शेजारच्यावर सांडतो. फोटोग्राफरचा अर्धा जन्म ही सांडलवंड पुसण्यात जातो. पांढऱ्यात ती भानगडच नसे.

मंचावरचा सोफा लाल मखमलीचा होता, म्हणून तिने त्यावर पांढरी चादर पसरली. आदर्श, म्हणजे नवरदेव, एका कडेला, त्याच्याशेजारी दीपमाला, मग एका माणसापुरती जागा, आणि दुसऱ्या कडेला पांढऱ्या सदऱ्यातले निवृत्तीकाका. डावीकडे तिने मोठ्या छत्रीचा दिवा लावला, खिडकीसारखा मऊ उजेड येईल असा. मोकळ्या जागेत कुणी घटकाभर बसल्याशिवाय चेहऱ्यावरचा उजेड जोखता येत नाही, म्हणून तिने काकांच्या थोरल्या बहिणीला, भागूआत्यांना, जरा बसायला सांगितलं. आत्या परभणीहून आल्या होत्या आणि सकाळपासून दिव्यांची थट्टा करत होत्या. एवढा उजेड पाडूनही पोरगी काळीच निघाली तर पैसे परत घेणार, असं त्यांनी बजावूनही ठेवलं होतं. पण आता त्या दोन पावलं मागे सरल्या.

"न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "जित्या माणसाच्या जागंवर मी बसायची न्हाई."

त्रिवेणी स्वतःच क्षणभर तिथे बसली, हनुवटीपाशी मीटर धरून उजेड मोजला आणि उठली.

पहिला फोटो लॅपटॉपच्या पडद्यावर उमटला. उजेड चांगला होता. फक्त दीपमालाच्या जबड्याच्या कडेला, मोकळ्या जागेकडच्या बाजूला, फिकट हिरवी झाक होती.

त्रिवेणीने आधी हार काढायला लावला. हारात पानं होती. झाक राहिली. मंचाच्या कडेच्या झाडांच्या कुंड्या तिने खाली उतरवल्या. खिडकीबाहेर कडुनिंब होता, तिकडचा पडदा ओढून घेतला. हिरव्या काठाची शाल घेतलेल्या एक बाई जवळ उभ्या होत्या, त्यांना विनंती करून जेवायला पाठवलं. आता मंचावर पांढऱ्याखेरीज दुसरा रंग नव्हता.

तिने पुन्हा फोटो काढला. झाक गडद झाली होती. आता ती पदरावरही होती, खांद्यापासून कोपरापर्यंत, एखाद्या कापडाची कड जवळ आल्यासारखी. मोकळ्या जागेच्या पलीकडे, काकांच्या सदऱ्याच्या बाहीवरही तोच रंग होता, थोडा पुसट.

तिने काका आणि दीपमाला दोघांना उठायला सांगितलं आणि फक्त चादरीचा फोटो घेतला. चादर पांढरी होती. दोघं पुन्हा बसली. बाही हिरवी, पदर हिरवा. म्हणजे रंग दोन्हीकडे मधल्या मोकळ्या जागेतूनच येत होता. ती मीटर घेऊन पुढे गेली आणि मोकळ्या जागेच्या उजव्या अंगाला तो धरला. मघाशी मोजला होता त्याच्या निम्मा उजेडही तिथे नव्हता. दिवा आणि मीटर यांच्यामध्ये कुणी बसलं असतं, तर एवढाच आला असता.

तिने मीटर बंद करून पुन्हा चालू केला. आकडा तोच होता.

"ताई, लग्नाला एवढा वेळ नाही लागला," आदर्श म्हणाला.

तिला हसावं लागलं. शेवटचे काही फोटो ती न थांबता घेत गेली. त्यांतल्या एकात दीपमाला नवऱ्याच्या बाजूला सरकली. पुढच्यात आणखी थोडी सरकली, आणि आदर्श सोफ्याच्या कडेवर आला.

"अजून सरकलीस तर मी खालीच बसतो," तो म्हणाला.

त्रिवेणीने कॅमेऱ्यामागून विचारलं, "का सरकतेस गं?"

दीपमालाने आश्चर्याने वर पाहिलं. "तुम्हीच म्हणालात ना, सरक म्हणून?"

त्रिवेणी काही म्हणाली नव्हती. पण खालून वाढप्यांचा गलबला येत होता, आणि अशा गलबल्यात माणसाला काहीही ऐकू येतं. तिने दिवे बंद केले.

स्टुडिओत आल्यावर तिने सगळे फोटो क्रमाने मांडून पाहिले. कॅमेऱ्याचा दोष म्हणावा तर तो सगळ्या चित्रभर दिसला असता. दिव्याचा म्हणावा तर भिंतीवर दिसला असता. रंग फक्त दोन माणसांवर होता, आणि फोटोगणिक मुलीकडे झुकत गेला होता. शेवटच्या फोटोत दीपमालाचा अर्धा गाल हिरवा होता. इतका रंग उतरायला कापड वीतभर अंतरावर यावं लागतं. कानात काही सांगायला माणूस वाकतं तेवढ्या अंतरावर.

रंग पुसणं तिला अवघड नव्हतं. तिने तो पुसला नाही आणि काकांना बोलावून घेतलं.

काकांनी चष्मा लावून, पुसून, पुन्हा लावून पाहिलं. त्रिवेणीने जे दिसत होतं तेवढंच सांगितलं. त्याचा अर्थ लावला नाही. त्यांनी पडद्यावरच्या बाहीवर बोट ठेवलं.

"वंदनाकडं हिरवी साडी नव्हती," शेवटी ते म्हणाले. "हिरवा तिला सोसायचा नाही. जांभळा, नाहीतर पांढरा."

"मग हे त्यांचं नसेल, काका."

"किंवा नंतर घेतली असेल." त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "म्हणजे घरातून गेल्यावर ती जगली कुठंतरी. कुणीतरी तिला कपडा दिला." ते उठून खिडकीपाशी गेले. "आमच्यात असलं मानत नाहीत, ताई. मीही मानत नाही. पण जिवंत असती तर दारातून आली असती ना?"

दीपमालाला त्रिवेणीने स्वतः ते फोटो दाखवले, कारण तिच्यापासून लपवणं योग्य वाटलं नाही. मुलगी रडली नाही. पडद्यावरचा आपला गाल पाहत तिने बसल्या जागी खऱ्या गालावरून हात फिरवला. "आली होती म्हणजे गेली," ती म्हणाली, आणि त्रिवेणीला 'नाही' म्हणायला जागा ठेवत तिने तिच्याकडे पाहिलं. त्रिवेणीला नाही म्हणता आलं नाही, हो म्हणणंही जमलं नाही. थोड्या वेळाने दीपमाला म्हणाली, "भरा ताई, जागा. पप्पा म्हणतात तसं करा."

त्रिवेणीने ते काम जीव ओतून केलं. गालावरची, पदरावरची, बाहीवरची सगळी हिरवी झाक तिने काढली आणि तिच्या जागी जांभळ्याची हलकीशी छटा दिली. वंदनाबाई मुलगी आणि नवरा यांच्या मधोमध बसल्या, खिडकीच्या उजेडात, कपाळावरच्या आठीसकट. चिकटवल्याची खूण कुठेही नव्हती. पौर्णिमेला काकांच्या घरी तो फोटो भिंतीवर लागला. भन्तेजी आले, पुण्यानुमोदन झालं, खिरीचं जेवण झालं. दीपमालाने पुण्याची नोकरी स्वीकारली, आदर्शही सोबत जाणार होता. आता रात्री झोपते, असं आत्यांनी त्रिवेणीला मुद्दाम सांगितलं.

दीपमालाच्या निघण्याला थोडेच दिवस उरले असताना एका दुपारी निवृत्तीकाका न कळवता स्टुडिओत आले. जिन्यातच त्यांना धाप लागली होती. विहारातल्या ओळखीच्या एका माणसाने त्यांच्या मोबाइलवर एक फोटो पाठवला होता. खम्ममच्या पलीकडे निराधार बायकांचं एक घर होतं, तिथल्या एका बाईचा. ही तेलुगू बोलत नाही, कुणी ओळखतं का, असं खाली लिहिलं होतं.

"मला सांगता येईना," काका म्हणाले. "नाक तिचंच वाटतं. मग वाटतं, तिचंच असावं म्हणून वाटतं. तुम्ही तिचा चेहरा इतके दिवस बारकाईनं पाहिलात. तुम्ही सांगा. पोरगी आत्ता कुठं सावरली. चुकीचं सांगितलं तर ती जन्मभर हलायची नाही."

त्रिवेणीने फोटो मोठ्या पडद्यावर घेतला. केस बारीक कापलेली, गालफडं बसलेली एक बाई लोखंडी खाटेवर बसली होती. वय कितीही असू शकलं असतं. मागच्या खाटांवर आणखी बायका होत्या. सगळ्यांच्या अंगावर एकसारख्या साड्या होत्या, त्या घराने दिलेल्या.

काका खुर्ची पडद्याजवळ ओढून पुढे वाकले.

"हिरव्या आहेत," काका म्हणाले.

"हो."

त्रिवेणीने वंदनाबाईंचा जुना फोटो शेजारी ठेवला. दोन डोळ्यांमधलं अंतर, कानाची पाळी, ओठांची कड, सगळं ताडून पाहिलं. ती असू शकत होती. नसूही शकत होती. तिने तसंच प्रामाणिकपणे सांगितलं. मग फोटोखालच्या नंबरवर तिनेच फोन लावला आणि काकांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

पलीकडे भाग्यलक्ष्मी नावाच्या बाई होत्या, त्या घराच्या वॉर्डन. तेलुगू वळणाच्या हिंदीत, सावकाश बोलणाऱ्या. अम्मा त्यांच्याकडे फार वर्षांपासून होत्या. कुणीतरी स्टेशनावरून आणून सोडलं होतं. मुक्या आहेत, असंच सगळे समजत होते. मग मध्यंतरी एका रविवारी दुपारी, जेवणानंतर, खाटेवर बसल्याबसल्या त्या बोलल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. म्हणूनच आशेने फोटो सगळीकडे पाठवला, असं त्या म्हणाल्या.

"क्या बोले?" काकांनी विचारलं.

"समझता नै साब. अपनी जुबान में बोलते. मैं वैसाच बोलती, देखो." पलीकडच्या बाईने आठवून, एकेक अक्षर जोखत, अर्थ ठाऊक नसलेल्या माणसासारखं म्हटलं, "मा-ळे. जरा स-रक."

काकांनी टेबलाची कड धरली. दीपमालाला 'माळे' अशी हाक वंदनाखेरीज दुसरं कुणीही मारत नव्हतं. त्रिवेणी त्यांच्याकडे पाहत राहिली आणि तिला विचारावं लागलं नाही.

"दो बार बोले, और हँसे," भाग्यलक्ष्मी सांगत होत्या. "बहोत अच्छा हँसे. बाद में हर रोज वैसाच बोलते थे, वैसाच हँसते थे."

"आता?" काका मराठीतच म्हणाले. "अब?"

"अब वो नै बोलते. पुन्नम, वो पूनम के दिन से दूसराच बोलते. हँसना भी बंद, खाना भी बंद. बाजू में हात लगाके देखते, और फिर बोलते."

"क्या बोलते?" या वेळी त्रिवेणीने विचारलं.

मग त्या बाईने पुन्हा तसंच, एकेक अक्षर सांभाळून म्हटलं:

"हि-तं. कोन. बस-लंय."

खाली स्टेशनात गाडी लागली. खिडकीची काच थरथरली. भाग्यलक्ष्मींचा आवाज त्यातूनही स्वच्छ आला.

"इसका मतलब क्या होता, साब?"